कलम सात, पोटकलम ग

टोलीडोत मार्चमधलं बर्फ मळकं असतं,
रस्त्याकडेला पडून, कुणीच न उचललेल्या धुण्यासारखं.
अशा एका सोमवारी गृहनिर्माण कचेरीतल्या
गोराल्स्कीबाईंनी माझी फाइल पुन्हा उघडली
आणि म्हणाल्या, रनेल, कायदा बदललाय.

जुन्या कायद्यात माझा पगार पुरेसा होता,
म्हणजे, पुरेसा कमी.
नऊ वर्षं डायलिसिसच्या यंत्रांपाशी उभी राहून
साठवलेले चार हजार दोनशे डॉलर माझे,
उरलेलं डाउन पेमेंट राज्य भरणार होतं.
आता नुसता पगार पाहत नाहीत.
आता विचारतात,
आईवडिलांच्या नावावर कधी घर होतं का?
नसेल तर मदत.
वर पाच वर्षं त्याच घरात राहिलात
तर सगळी माफ.

मी हसलेच.
आमचं नसणं
पहिल्यांदाच कुठंतरी कामाला येत होतं.

पण नसल्याचा दाखला देतं कोण?
आईच्या भाड्याच्या पत्त्यांची यादी केली. चौदा.
एका घरात नळाला फक्त गरम पाणी यायचं.
एकात खिडकी उघडली की शेजाऱ्यांचं भांडण आत.
खोक्यांवर आम्ही कधी काही लिहिलंच नाही,
कशात काय आहे ते हातांना पाठ होतं.

शेवटी काउंटीच्या दप्तरात
बाईंना सापडली मुंगीच्या अक्षरातली एक नोंद:
क्लीओफस टब्स, ४१२ लॉटन स्ट्रीट.
खरेदी, जून १९८४.
जप्ती, नोव्हेंबर १९८५.

माझे वडील.
काचेच्या कारखान्यात होते, हातभर जुने चटके,
प्रत्येक चटक्याची गोष्ट सांगायचे.
ही सांगितली नाही.

आईला फोन केला.
ती इतका वेळ गप्प, की मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाली,
स्वयंपाकघर पूर्वेला होतं.
आणि लगेच,
याच्यामुळे तुझे पैसे जातील का गं?

नाही गेले.
गोराल्स्कीबाईंनी बोट ठेवलं,
कलम सात, पोटकलम ग:
'जप्तीत गेलेले घर पालकांच्या मालकीचे
कधीही नव्हते, असे समजण्यात यावे.'
सुटलीस, त्या म्हणाल्या.
मनापासून आनंद झाला होता त्यांना,
टेबलावरच्या बशीतली एक गोळीही दिली.
इथे सही कर. आणि इथे.

ज्यानं कुणी हे वाक्य लिहिलं
त्याला आमच्यासारखं कुणी ठाऊक असणार.
एरवी कुणाला सुचतं हे?
माझ्या भल्याचंच वाक्य आहे.
तरी सही करताना
मी पेन दोनदा झटकलं, शाई होती तरी.
क्लीओफस टब्स यांचं घर कधीही नव्हतं.
मुलगी, रनेल टब्स. तारीख.

घरी जाताना लॉटन स्ट्रीटवरून गेले.
४१० आहे. ४१६ आहे.
मध्ये वाळकं गवत, एक फुटका टायर,
आणि फुटपाथ तेवढा एका जागी उतरता केलेला,
गाडी आत घ्यायला.
मी गाडी आत घेतली.
इंजिन बंद केलं, थोडा वेळ बसले.
४१६च्या पडद्याआडून कुणीतरी पाहत होतं,
तेव्हा निघाले.

एप्रिलच्या एकोणीस तारखेला किल्ल्या मिळाल्या.
दोन खोल्या, तळघरात ओल,
दाराची कडी वर उचलून लावावी लागते.
कायदा म्हणतो, साठ महिने मोजा.
मी सतराच मोजतेय.
अठराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी
आईला जेवायला बोलावणार आहे.
का, ते तिला सांगणार नाही.
तिनं मोजलेलं असेलच.