चूकभूल

यंदाच्या अंदाजपत्रकात एकच पुस्तक बसतं.
मागणीपत्रात रकाने : नाव, आवृत्ती, किंमत,
आणि शेवटी निवडीचं कारण –
त्याला जागा दीड ओळ.

मी फेर्मिन कोल्के, भांडारपाल.
कापूस, हातमोजे, सिलिंडर मोजतो.
भुलीतलं मला एवढंच कळतं
की औषध संपलं की माणसांचे आवाज चढतात.

नमुन्याच्या प्रती सुक्रेहून बसने आल्या,
बटाट्यांच्या पोत्यांखाली दबून.
डॉक्टर एउलोखिया वाराची रात्रपाळी संपवून
तशाच खाली उतरल्या, तोंडही न धुता,
आणि त्यांनी आधी पुस्तकं
नवजात बाळांच्या काट्यावर ठेवली.
दोन खंडांचं ते : सात किलो दोनशे.
"जुळी आहेत. धडधाकट."
हसल्या नाहीत.

मग पहिलं पुस्तक उघडलं मागून, सूचीतून.
'उंची' शोधलं.
रुग्णाची उंची सापडली, टेबलाची सापडली,
गावाची नाही.
दुसऱ्यात होती : पान सोळाशे बारा,
दोन वाक्यं
आणि एका विमानाचं चित्र.

आमचं पोतोसी चार हजार मीटरवर.
इथली हवा मापात पाप करते.
रुपयाभर श्वास घ्यावा
तर पदरात पडतात दहा आणे,
आणि आम्ही त्यातच लग्नं करतो, भांडतो, चढ चढतो.

तिसऱ्यात ठळक अक्षरं :
ऑक्सिजन नव्वदच्या खाली, की तात्काळ धावा.
डॉक्टरांनी चिमटा माझ्या बोटाला लावला.
सत्त्याऐंशी.
"धावू का, फेर्मिन?"
मी म्हटलं, आधी पोचपावतीवर सही करा.

खरं तर मी काट्याकडे बघत होतो.

जूनमधली ती रात्र. नळ गोठलेले.
खाणीतून आणलेला वेन्सेस्लाओ, वय एकोणीस.
भुलीआधी गालातला कोकाचा तोबरा काढायला सांगितला,
तर तो माझ्या ओंजळीत थुंकला
आणि ओशाळला.
डॉक्टरांनी वरून ओरडून एक पान मागितलं.
मी जुनं पुस्तक घेऊन पळालो.
तीनशे अकरा ते तीनशे सव्वीस
गळून गेलेली होती.
बांधणीला पाठवायचं मी विसरलो होतो.
आठवड्यांनी नव्हे, दोन वर्षांनी विसरलो होतो.

त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही.
ह्या कागदात तसा रकाना नाही.

डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं.
मीच सांगितलं, आज, काट्यापाशी,
आकडे सांगतो तशा आवाजात.

त्या बराच वेळ पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या.
मग तिन्ही माझ्याकडे सरकवली.
"पानं ओढून बघ. जोरात.
आत जे चुकलंय ते मी दुरुस्त करीन,
पण पान जाग्यावर हवं."

मी ओढली.
पहिल्याचं पान दुसऱ्याच हिसक्याला हातात आलं.
विमानवाल्याचा डिंक करकरला.
तिसरं दोऱ्याने शिवलेलं,
चिवट, आजीबाईच्या बटव्यासारखं,
आणि समास चार बोटं रुंद.
डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं,
ठळक अक्षरांतला नव्वद खोडला,
शेजारी स्वतःचा आकडा लिहिला.
झालं, आता ती प्रत परत जाण्याजोगी उरली नाही.

निवडीचं कारण : शिवण पक्की. समास मोठा.
दीड ओळीतली अर्धी उरली.
सवयीने लिहायला गेलो,
चूकभूल द्यावी घ्यावी.
पेन तिथेच थांबलं.

बाळांचा काटा शून्यावर आणायचा राहिला होता.
उठलो, आणला.