रास

नोव्हेंबरात तिसा नदीवरून सेगेदमध्ये धुकं चढतं,
आणि संस्थेच्या तळमजल्यावर एटेल्का
मक्याचं पीठ रटरटत ठेवते.
काकवी, यीस्ट, थोडं अगार,
वल्ह्याएवढी लाकडी पळी.
आज पंगतीला किती? कुणीतरी विचारतंच.
चाळीस हजार, ती म्हणते,
आणि मीठ कमी पडलं म्हणून
आजवर एकाही चिलटानं तोंड वाकडं केलेलं नाही.

लापशी नळ्यांत ओतायची. कापसाचा बोळा.
चिकटपट्टीवर पेन्सिलीनं तीन रोमन अक्षरं:
आर, ए, एस.
सव्वीस वर्षं तेच हस्ताक्षर, एसची शेपटी जरा लांब.

झोम्बोरनं एकदा तिला भिंगाखाली दाखवलं होतं:
माशीच्या डोळ्याला आठशेच्या आसपास खिडक्या,
दर खिडकीत आठ जणी दाटीवाटीनं.
आठवी सगळ्यांत आधी येऊन बसते
आणि शेजारणीला नुसता हात लावते: तू सातवी हो.
एवढाच निरोप.
तो आत पोचवायला दारं आहेत, दारांना कड्या,
त्यातली एक कडी म्हणजे रास.
निरोप आला की निघते, काम झालं की लागते.

सातवीला तो स्पर्श कळलाच नाही, तर ती माशी
अतिनील उजेडाकडे धावत नाही,
हिरव्यावर समाधान मानते.
आणि कडी उघडी अडकली, तर
हाक नाही, स्पर्श नाही,
तरी आले, आले करत
खिडकीखिडकीत सातव्यांची झुंबड.
डोळा खरबरीत होतो, फणसाच्या सालीसारखा.

एटेल्काचा भाऊ गास्पार, माकोला कांदा पिकवतो.
स्वादुपिंडाच्या रिपोर्टात, दुसऱ्या पानावर,
तिला तीच तीन अक्षरं दिसली,
पुढे मागे काही आकडे,
एसची शेपटी मात्र छापील, आखूड.
तरुण डॉक्टर म्हणाला, काकू, हे जरा गुंतागुंतीचं आहे,
आणि कागदावर एक गोल काढून
बाहेरून आत बाण दाखवला.
तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, बाण खोडला.
बाहेरून कुणी बोलावत नाहीये, म्हणाली,
कडी अडकली आहे.
तो बघतच राहिला.
मी हिला दर दोन आठवड्यांनी नव्या नळीत घालते.

परतीच्या बसमध्ये गास्पारनं विचारलं,
तुझ्या माश्या जगतात का गं?
जगतात. डोळा जातो, पण जगतात, अंडी घालतात.
मग बराच वेळ बाहेर धुकंच होतं.
कांद्याला यंदा भाव काय, तिनं विचारलं.

माझ्या भाषेत रास म्हणजे खळ्यावरचा ढीग,
रास म्हणजे जन्मवेळेला चंद्र बसला ते घर,
आणि बारांतल्या एका घराचं नाव कर्क.
हे मी तिला सांगायला गेले
आणि जिन्यातूनच परत आले.

रविवारी संस्थेत कुणी नसतं.
तिनं माश्यांवर गॅस सोडला, त्या आडव्या झाल्या,
आणि स्वयंपाकीणबाई पहिल्यांदा
झोम्बोरच्या स्टुलावर बसली, हातात बारीक ब्रश.
झोम्बोर तीन वर्षं एकच शोधतोय:
ज्या माशीत कडी अडकलेलीच आहे,
तरी पुढे कुठेतरी दुसरं काही बिघडल्यामुळे
गलका विरतो, डोळा सपाट होत येतो.
खरबरीत. खरबरीत. खरबरीत.
चहा निवला. ब्रशनं उजवीकडे लोटत राहिली.
तीनशे बारावी तिनं लोटली नाही.
दिवा वाकवून पाहिली, चष्मा पुसून पाहिली,
नुसता भासही असेल.
ती एकटी एका नळीत घातली,
वर तारीख लिहिली, आणि पुढे
सव्वीस वर्षांत कधी न लिहिलेलं
प्रश्नचिन्ह.

सोमवारी लापशी तळाशी करपली.
सगळ्या मजल्यांवर वास गेला.
चाळीस हजारांपैकी कुणी काही बोललं नाही.