हांगा?

शाणू हे नाव बाबांनी ठेवलं
बाराव्या दिवशी, काही कळायच्या आधी.
नंतर ते बदलावं असं कुणाच्या मनात आलं नाही.
त्रेचाळिसावं चालू आहे. म्हार्दोळात सगळे ओळखतात.
जाईच्या कळ्या त्याला मोजता येत नाहीत, पण
माळेत एखादी उलटी बसली
की माझा हात धरून थांबवतो.

वैशाख सरता सरता त्याने कळ्यांना हात लावणं सोडलं.
मग भात सोडला. मग रात्रीचा
भिंतीवर डोकं आपटू लागला, उजव्या बाजूने.
शेजारची सुलक्षा टीव्ही मोठा करायची, तेवढंच.

फोंड्याच्या डॉक्टरांनी त्याला पाहिलं
ते केसपेपरवरच्या जुन्या ओळीतून.
"ह्या मुलांचं असंच असतं, बाई."
मुलांचं. त्याच्या कानामागचे केस पांढरे झालेत.
झोपेची गोळी दिली. मग दीड.
शाणू झोपला, आणि झोपेत कण्हत राहिला,
ते कुणी लिहून घेतलं नाही.

मी म्हटलं, दुखतंय त्याला कुठेतरी.
कुठे?
ते सांगता आलं असतं, साहेब,
तर तोच आला असता कदंबाने, एकटा,
आणि मी घरी माळा ओवत बसले असते.

एक्स-रेच्या खोलीत धरायला तिघे आले.
"सहकार्य करत नाही" असं कागदावर चढलं,
आणि पुढच्या महिन्यात या.

पुढचा महिना बांबोळीत. टोकन एकोणसत्तर.
लोक आमच्यापासून सरकून बसतात, बाक पुरा मिळतो;
हा एक फायदा.
खिडकीतल्या मुलीने मला विचारलं, ह्याचं वय?
मला विचारलं, ह्याला काय होतं?
मला विचारलं, मारत बिरत नाही ना?
तो माझ्या पदराचं टोक धरून
तिच्या टेबलावरच्या पंख्याकडे बघत होता.

कानाच्या विभागात जायचं होतं. कागद चुकीच्या ढिगात गेला
म्हणून आम्ही दातांकडे.
तिथे नर्स क्लेमेंतिना, काणकोणची.
तो जमिनीवर बसला होता, म्हणून तीही जमिनीवर बसली.
आधी स्वतःचं ढोपर दाबलं: "हांगा? ना."
मग त्याचं ढोपर. "हांगा?"
पोट. "हांगा?" खांदा. "हांगा?"
रांगेत कुणीतरी चक् केलं.
मान. "हांगा?"
गाल.

शाणूने तिचा हात धरला,
उलट्या कळीला धरतो तसा.

अक्कलदाढ होती. खाली, उजवीकडे. मुळाशी पू.
मी हसले. डॉक्टरांना वाटलं, बाईचंही काहीतरी बिघडलंय.
पण चाळीस वर्षं ज्याला त्याला हेच सांगत आले ना सगळे
की ह्याला ती नाही;
आणि ती आत होती, सडत.

भूल देऊन काढायला आणखी सव्वीस दिवस.
संमतीच्या कागदावर माझी सही.
त्याच्यासाठी जागाच नव्हती.
क्लेमेंतिनाने समासात घेतला त्याचा अंगठा, निळा, थोडा फिसकटलेला.
कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, म्हणाली.
अजून कुणी विचारलेलं नाही.

आता श्रावण. जाईचा भर.
उकड्या तांदळाची पेज तो दोनदा मागून घेतो.
काल माळा संपवून उठताना मी भिंतीचा आधार घेतला,
रोज घेते.
तो आला. माझ्यासमोर जमिनीवर बसला.
स्वतःचं ढोपर दाबलं, मान हलवली.
मग माझं.
"हांगा?"

ना रे, म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला,
खोटं त्याला कळत नाही असं म्हणतात,
आणि हात माझ्या कमरेकडे नेला.
"हांगा?"