शेरा

नीलमनगरच्या शाळेत मला दिलेली खोली
म्हणजे खेळाच्या सामानाची कोठी.
हवा गेलेले बॉल, गंजलेल्या लेझमांचा ढीग,
आणि भिंतीपलीकडे माग : खटाक्, खटाक्,
दिवसभर एकाच वाक्यावर अडलेला.

फरशीवर मी खडूनं रेघ ओढते.
टाचेला अंगठा लावत पंधरा पावलं.
मग एका पायावर उभं राहणं,
भिंतीवर मारलेला चेंडू परत झेलणं,
मग बारा खुंट्या, बारा भोकं, घड्याळ.
तक्त्यात वय आहे, सेकंद आहेत,
आणि शेवटी बोटभर जागा : शेरा.

श्रीहरी बोल्ली, आठ वर्षं चार महिने.
चेंडू आला की डोळे मिटतो.
छातीवर आपटून तो खाली पडल्यावर
हात एकमेकांजवळ येतात,
स्टेशनवर उशिरा पोचलेल्या माणसांसारखे.
रेघेवर सातव्या पावलाला कलला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"बाई, रेघच हलायलीय."
खिडकीतली मुलं हसली. मी खिडकी लावली.
मार्चातली दुपार, पत्र्याखाली, तरी लावली.

त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही.
वर्गशिक्षक म्हणतात, आळशी आहे.
आई म्हणते, डाव्या हाताचा होता, उजवा केला.
वडील काही म्हणत नाहीत,
रात्रपाळीहून येऊन नाडी बांधून देतात आणि झोपतात.
मी आकडा लिहिला : शंभरात तिसरा, खालून.
शेऱ्यात लिहिलं : आळशी नाही.
अहवालात असं लिहीत नाहीत.
खोडलं नाही.

मग लावण्या चिलवेरी, नऊ पूर्ण.
"सुरू" म्हणेपर्यंत चार खुंट्या बसल्या होत्या.
डावा हात पाटी धरून,
उजवा बघतसुद्धा नव्हता कुठं काय आहे ते.
तक्त्यातला सगळ्यात वरचा आकडा
तिच्या मागं राहिला.
घड्याळ चुकलं म्हणून पुन्हा घेतलं,
तर आणखी एक सेकंद कमी.
अकरा वर्षांत असे हात मी पाहिले नव्हते.
"शाब्बास! कुठं शिकलीस गं?"

ती गप्प. बोटं मात्र चालूच,
मोकळ्या हवेत पान वळत होती,
टोक दुमडून नखानं दाबत होती.
मग तिच्या लक्षात आलं,
हात तिनं मांडीखाली घातले.
"मी नुस्ती तोंडं बंद करते बाई, दोरा अक्का बांधते.
शाळा बुडवून नाही. सकाळी."

एका पायावर ती तीनच सेकंद उभी राहिली.
"मांडी घालून बसते ना, पाय झोपतो माझा."
झोपलेल्या पायावर तिनं हळूच चापट मारली,
लहान भावाला उठवावं तशी.

हाताचे गुण, पायाचे गुण, भागिले दोन.
कागद म्हणाला : सर्वसाधारण.

पाच वाजता वीज गेली. माग थांबला.
इतकी शांतता, की मैदानातला चेंडू ऐकू आला.
शेऱ्याच्या जागेत पेन टेकवून ठेवलं होतं,
तिथं शाईचा ठिपका पसरत गेला.
शाबासकी लिहू? कुणाला?
तक्रार लिहू? कुणाची?
हजार विड्यांवर चालणाऱ्या घराची?

उद्या तिची अम्मा कागद न्यायला येणार.
तिला तेलुगू येतं, मला मराठी.
काय लिहिलंय ते लावण्याच वाचून सांगेल,
जे सांगायचं तेवढं.

सगळे गेल्यावर मी रेघेवर उभी राहिले,
एका पायावर, डोळे मिटून.
बहुतेक सहा सेकंद.
घड्याळही माझ्याच हातात होतं,
त्यामुळं नक्की सांगता येत नाही.