पाकिटामागची अक्षरं

वीज गेली की वडगावातले माग एकदम थांबतात,
आणि तेवढ्या वेळात गल्लीला कळतं
कुणाचं बाळ उपाशी आहे.
कालपासून ते माझं होतं.

सव्विसावा दिवस.
अळीवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले,
जेवणावर चिमूटभर बाळंतशेपा झाल्या.
हे माझ्या आईनं खाल्लं, तिच्या आईनं खाल्लं,
म्हणून मीही काही विचारलं नाही.

मग सुभद्राआत्ती रविवार पेठेतून
पाकीट घेऊन आल्या.
हिरवं पान, पानावर आई, आईच्या मांडीवर
एवढं गुबगुबीत मूल
की माझ्या मांडीवरचं मी पदराआड घेतलं.
"दोन चमचे, दुधातनं, दोन वेळा.
कंग्राळकरांच्या सुनेला पान्हा आवरंना झालाय बघ.
झाडपाल्याचंच हाय, बाधतंय काय?"

मी वास घेतला. शतावरी ओळखली.
तिच्यामागं आणखी काहीतरी होतं,
कडू, ओल्या भिंतीसारखं.
नाव आठवेना.

कण्हेरही झाडपालाच की, आत्ती.
परसात आहे. तिची फुलं देवाला चालतात,
शेळीला चालत नाहीत.
हे मी बोलले नाही.
बाळंतिणीनं बोलू नये असं बरंच काही असतं.

पाकिटामागं बारीक अक्षरं,
सगळी कानडी, गोल गोल,
हरभरे सांडल्यासारखी.
मी मराठी शाळेतली.
पाटीवर कुठली अक्षरं मोठी हवीत
यावरून आमचे सासरे एकदा आठ दिवस जेवले नव्हते धड.
बारीक अक्षरांसाठी मात्र
आमच्यात कधी कुणी भांडलं नाही.

टॉवेलात बाळ गुंडाळून
भिंतीपलीकडं नीलव्वाकडं गेले.
तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, चष्मा पुसला,
बोट ठेवून वाचू लागली:
हालुणिसुव... तायंदिरु...
हालु म्हणजे दूध, एवढं मला येतं.
आमच्यात हाल म्हणजे वेगळं.
तायी म्हणजे आई. आमच्यात ताई म्हणजे
थोरली बहीण, जी आत्ता इथं हवी होती.
पुढचा शब्द नीलव्वानं दोनदा वाचला.
"अंगावर पाजणाऱ्या आयांनी
डाक्टरला विचारल्याबिगर घेऊ नये म्हणतंय."
खाली अकरा जिन्नस.
सहा तिला ठाऊक होते. उरलेल्या पाचांवर
ती बोट ठेवून बसून राहिली.

म्हणजे पुढून ती आई हसत होती
आणि मागून तिलाच बजावलं होतं.

दवाखान्यात हंचिनमनी सिस्टरनं
पाकीट हातातही घेतलं नाही आधी.
"बाळ कसं धरतीस, दाखव."
त्याचं डोकं धरून नव्हे, पाठीला हात लावून
तिनं त्याला जवळ आणलं, हनुवटी टेकवली.
एवढंसंच. बोटभर.
मग पाकीट उलटंपालटं करून म्हणाली,
"यातलं काय अन् किती तुझ्या दुधात उतरंल,
मला सांगता येत नाही.
विकणाऱ्याला तरी येतंय का, विचार.
मोठ्या डाक्टरीणबाई मंगळवारी येतात,
तवर राहू दे.
खीर खा, पाणी पी, मागंल तेव्हा पाज,
आणि परवा वजनाला आण त्याला."

आत्तींना सांगायचं राहिलंच होतं.
तीनशे चाळीस रुपये, उन्हातली पेठ,
गुडघे त्यांचे.
त्या काही बोलल्या नाहीत.
पाकीट कपाटावर ठेवलं, टाकलं नाही,
आणि वाटीत अळीव भिजत घातले
भांड्यांचा जरा जास्तच आवाज करत.

रात्री पुन्हा वीज गेली. माग थांबले.
गल्लीला काही ऐकू गेलं नसेल,
मला मात्र जवळून ऐकू येत होतं:
घुटका, श्वास, घुटका.

अंधारात पलीकडच्या खाटेवरनं आत्ती म्हणाल्या,
"उद्या त्या नीलव्वाला विचार की गं,
माझ्या खोकल्याच्या बाटलीवर
काय लिवलंय."