ओळ सतरा, झाड चार

रात्रपाळीला मी केळी मोजतो.
कुंपण दुहेरी, वर काटेरी तार,
फाटकापाशी बूट बुडवायचं घमेलं.
घड भरला की नाब्बान्जा बाई येतात,
वजन करतात, फणी फणी लिहून घेतात,
मग आम्ही तो कोयत्यानं बारीक तोडून
खड्ड्यात लोटतो. वर माती.
खायचा नाही. कायदा व्हायचाय अजून.
चार वर्षं झाली, मी जेवण पुरतोय.

इथून तीन मैलांवर, मुकोनोच्या टेकडीला,
आईची बाग पिवळी पडत गेली.
बुंधा कापला की पुवासारखा चीक.
सांगितलं ते सगळं केलं तिनं:
केळफुलं बेचक्याच्या काठीनं मोडली,
प्रत्येक झाडानंतर कोयता जाळावर धरला.
कुणाचा तरी एक कोयता
एका सकाळी घाईत थंडच फिरला असणार.
नाकितेंबे गेली. किबुझी गेली.
मुसाकाला गेली,
जिचा मुनवा सासूनं आपल्या डोक्यावरून आणला होता,
वाटेत कुठेही खाली न ठेवता.

एका रविवारी तिला जाळीपाशी आणलं.
आत पानं हिरवी, बेशरम हिरवी.
मी ऐकलेलं सांगितलं: ढोबळी मिरचीतला
एक गुण हिच्यात घातलाय,
रोग शिरला की तिथली पेशी स्वतः मरते
आणि वाट अडवते.
"मग वाफवल्यावर तिखट लागते?"
ढोबळी कुठे तिखट असते, आई.
"खाल्लीस तू?"
नाही.
"नाव काय हिचं?"
ओळ सतरा, झाड चार.
ती हसली नाही. जाळीत बोटं अडकवून
बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली,
"हिचा मुनवा शेजारणीला देता येईल?"

सोमवारी बाईंना विचारलं.
येईल, म्हणाल्या. बहुतेक. कागद झाले की.
कागद कुणाचे, ते मी विचारलं नाही,
आणि त्याही घमेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिल्या.

काल रात्री बॅटरीच्या उजेडात दिसला:
झाड चारचा मुनवा, तलवारीच्या पात्यासारखा,
आतल्या जाळीखालून वीतभर बाहेर.
नियम आहे. बाहेर आलं ते उपटायचं,
तोडायचं, पुरायचं, लिहायचं.
कोयता कमरेला होता.
मी वही उघडली. लिहिलं: मुनवा, एक.
पुढचा रकाना, खड्डा क्रमांकाचा,
उजाडेपर्यंत कोराच होता.