वापरण्याची पद्धत

बाटलीवर लिहिलंय : शॉवरखाली उभे राहा.
आमच्या न्हाणीत शॉवर नाही.
एक बकेट आहे, काठाला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
आणि कान तुटलेला मग.
उभं राहिलं तर डोकं पत्र्याला लागतं.
म्हणून बसून.

परभणी आगारात मी गाडीच्या खाली असते,
सकाळी सात ते तीन.
हब, ब्रेक लायनर, गळकं डिफरन्शियल.
काळं तेल कोपरापर्यंत येतं,
कधी कानामागं, कधी असं कुठंतरी
की आठ दिवसांनी उशीवरच सापडतं.
धुण्याची पावडर घ्यायची, मूठभर भुसा, आणि घासायचं.
चार वर्षं अशीच घासली मी मला.
डिसेंबरात पारा पाचावर उतरतो,
पेरांवर भेगा पडतात
आणि डिझेल त्यांत जाऊन बसतं,
भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडासारखं.

संघमित्रा मेडिकलवर असते, वसमत रोडला.
मी मलम मागितलं, तिनं ही बाटली दिली.
"साबण बंद. आंघोळीतच लावायचं, आंघोळीतच धुवायचं.
चारशे ऐंशी. एक तारखेला दे."
मी म्हटलं, दिवसभर तेलच तर पुसते गं मी,
घरी येऊन अंग पण तेलानंच धुऊ?
ती म्हणाली, "तेलाला तेलच काढतं, येडे,"
आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी वाचायला लागली.

मला वाटलं मुश्ताकभाई हसतील.
ते हसले नाहीत.
लॉकरमधून त्यांनी खोबरेलाचा डबा काढून दाखवला,
झाकण काळं पडलेलं, बावीस वर्षांचं.
"बेअरिंग कोरडं ठेवशील का तू?"
एवढंच, आणि परत खड्ड्यात उतरले.

पद्धत : अंग ओले करा. पुसू नका.
पहिल्या दिवशी इथंच चुकलं माझं.
कोरड्या हातावर ओतलं, ते नुस्तं ओघळलं,
अर्धं फरशीवर. किती रुपयांचं, ते मोजलं मी.
दुसऱ्या दिवशी दोन मग अंगावर घेतले, मग तेल.
तळव्यात ते दुधासारखं पांढरं झालं
आणि काळं सुटलं.
घासावं लागलं नाही.
मी मोरीच्या तोंडाकडं बघत बसले,
बकेटीतलं पाणी गार होईस्तोवर.

हात असा असतो, हे विसरले होते.

आत काय आहे ते बारीक अक्षरात आहे.
आयटीआयत माझं इंग्रजी स्पेअर पार्टपुरतं झालं,
तरी एक एक शब्द फोनला विचारला.
तिसऱ्या शब्दाला फोन म्हणाला : करडई.

करडई नाही, करडी.
माय मानवतकडच्या रानांत जायची, रोजानं, करडी काढायला.
हातापायांना जुन्या पँटींचे तुकडे बांधून.
तरी काटा कापडातून आत यायचा.
रात्री बल्बखाली मी सुईनं काढायचे एकेक,
आणि ती दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखी
भिंतीकडं बघत बोलत राहायची.
चारलाच निघायची, अंधारात.
एकदा विचारलं, एवढ्या लवकर कशाला?
"दहिवर असतं तवर काटा मऊ. ऊन आलं की चावतो."

परवा रविवारी ती आली.
मी बकेट भरली, तिला पाटावर बसवलं.
मनगटापासून कोपरापर्यंत
बारीक पांढरे ठिपके आहेत तिच्या, अजून.
मी झाकण उघडलं.
"काय लावायलीस गं?"
"करडी."
हात तिनं जरासा मागं घेतला.
मग पुन्हा पुढं केला, आणि म्हणाली,
"आधी ओला कर."